सायराची टिकली

यंत्र चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. चौकशीत मला तीनदा हेच विचारलं आणि तिन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं. ते चुकलं असतं तर शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

मी एस्तेर उबाळे. मूळची मिरजेची, पेशानं नर्स. गेली सहा वर्षं ध्रुववृत्ताच्या वर, नुवुलिक नावाच्या, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या एका वस्तीत राहते. चारशे दहा माणसं, एक शाळा, एक दुकान, एक चर्च आणि एक दवाखाना. रस्ता वस्तीच्या टोकाला संपतो आणि त्यापुढे नुसता बर्फ. मोठं हॉस्पिटल दक्षिणेला, विमानानं तीन तासांवर. मिरजेत दर दुसऱ्या गल्लीत दवाखाना असताना ही बया तिकडे कशाला जाऊन बसली, असं आई अजून फोनवर ऐकवते.

इथल्या तान्ह्या मुलांच्या जिवावर एक जंतू टपलेला असतो. हिमोफिलस त्याचं नाव. त्याच्या 'बी' प्रकारावर लस आहे, ती सगळीकडे मुलांना देतात. आमच्याकडे फिरतो तो 'ए' प्रकार. मोठ्या माणसांच्या घशात तो मुकाट राहतो, त्यांना साधं खोकवतही नाही. मग एखाद्या दिवशी एखाद्या बाळाच्या रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूच्या आवरणात शिरतो. दोन खोल्यांच्या घरात दहा-बारा माणसं, आठ महिने खिडक्या बंद, त्याला आणखी काय हवं? 'ए' प्रकारची लस येणार येणार म्हणत वर्षं गेली. मूठभर मुलांसाठी कारखाने घाई करत नाहीत.

पूर्वी नेहमीचं इंजेक्शन दिलं की मूल वाचायचं. चार वर्षांपूर्वी जंतू त्या इंजेक्शनाला दाद देईनासा झाला. त्याच्यावर चालणारं दुसरं औषध आहे, पण ते हॉस्पिटलातच, शिरेतून थेंब थेंब, चोवीस तास नजरेखाली ठेवून द्यावं लागतं. म्हणजे मूल वेळेवर विमानात बसलं तर जगणार, नाहीतर नाही. आणि ताप चढल्यावर विमान बोलवावं तर ते यायला तीन तास, जायला तीन तास. तोवर आकडी येऊन सगळं आटोपलेलं असायचं. त्या पहिल्याच वर्षी अशी दोन मुलं माझ्या हातात गेली.

म्हणून टिकली आली. कपाळावरच्या टिकलीएवढं यंत्र ते, खरं नाव लांबलचक आहे. मी टिकली म्हणायला लागले आणि सगळी वस्ती टिकली म्हणायला लागली. जंतू रक्तात वाढू लागले की शरीराची रसायनं बदलतात आणि त्यांचा माग श्वासात उतरतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. टिकलीत अतिशय बारीक तारा असतात आणि त्यांच्यावर असे रेणू बसवलेले असतात, की तो विशिष्ट वास लागला की तारेतला प्रवाह बदलतो. सोबत नाडीचे ठोके आणि अंगाची ऊब. तिन्हींचा मेळ बसला, की ताप दिसायच्या दहा-बारा तास आधी माझ्या संगणकाच्या पडद्यावर त्या मुलाचं नाव लाल होतं आणि दक्षिणेहून विमान आपोआप सुटतं. डॉक्टरला विचारा, वरिष्ठाला उठवा, काही नाही. पहिल्या दोन वर्षांत तीन मुलं वाचली. ती आज धावताना दिसतात.

मग दोन गोष्टी झाल्या. दवाखान्यातल्या तीन नर्सची एक झाली, कारण आता बघायला उरलं काय होतं? आणि नियम निघाला, की तान्ह्या मुलांसाठी विमान फक्त लाल नावावर सुटेल. मला दोन्ही गोष्टी पटल्या होत्या. मी त्यावर सहीही केली होती.

टिकल्या मनगटाच्या पट्ट्यावर यायच्या. थंडीत तो पट्टा कडक व्हायचा, बाळांच्या हाताला चट्टे पडायचे, नाहीतर बाळं तो चावून काढायची. निम्म्या टिकल्या घरात कुठेतरी पडलेल्या असायच्या आणि माझा पडदा निम्मा करडा. यावर तोड काढली लीटियानं.

लीटिया माझी इथली पहिली मैत्रीण. वय सहासष्ट, हात शिवणाचे, आणि जीभ माझ्यासारखीच तिखट. मी शिवलेला पहिला हातमोजा तिनं गावभर फिरवून दाखवला होता, हसायला म्हणून. इथल्या बाया अमाउटी घालतात. म्हणजे जाड कोट, त्याला पाठीवर मोठा कप्पा आणि वर दोघांना पुरेल एवढी टोपी. बाळ आईच्या पाठीला चिकटून त्या कप्प्यात बसतं, तिथेच झोपतं. घरात आल्यावर तोच अमाउटी बाळावर पांघरूण म्हणून पडतो.

"मनगटावर कशाला?" लीटिया म्हणाली. यांच्या भाषेत अहो-जाहो नाही, सगळे सगळ्यांना एकेरीच. "बाळाचं नाक कुठे असतं दिवसभर? कप्प्याच्या काठाशी. तिथे आतून शिवून टाकते. तुझ्या टिकलीला श्वासच हवाय ना?"

मी हो म्हटलं. आठवड्याभरात तिनं बावीस अमाउटींत बावीस टिकल्या शिवल्या. पडदा हिरवागार झाला. दक्षिणेच्या कार्यालयानं मला कौतुकाचं पत्र पाठवलं आणि त्यांच्या बातमीपत्रात माझा फोटो छापला. मी तो आईला पाठवला.

एप्रिलमधला रविवार होता. उजेड भरपूर, थंडी उणे अठरा. तळ्यावर मासे धरायला गेलेली कुटुंबं सकाळी परत यायला लागली होती. टिकलीचं म्हणणं वस्तीच्या मनोऱ्यापर्यंतच पोचतं, त्यामुळे तळ्यावर गेलेल्यांची नावं परत येईपर्यंत करडी असतात. साडेदहाला पडद्यानं आवाज केला. सायरा, आठ महिने, लाल. विमान निघालं होतं.

सायरा अलाशीची मुलगी. अलाशी लीटियाच्या शेजारी राहते. मी फोन केला आणि अकरा वाजता ती धापा टाकत आली. पाठीवरून सायराला काढून टेबलावर ठेवलं, तर पोरगी माझा स्टेथोस्कोप ओढून खिदळायला लागली.

"एस्तेर, ही तर हसतेय," अलाशी म्हणाली.

"हसणारच. आपल्याला दिसायच्या आधी टिकलीला दिसतं. त्यासाठीच तर लावलीय."

हे वाक्य मी आजवर कितीतरी आयांना ऐकवलं होतं आणि दर वेळी ते खरं ठरलं होतं. पहिल्या तिन्ही मुलांच्या वेळीही असंच झालेलं. चांगली खेळती मुलं विमानात बसवली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती तापानं फणफणली. अलाशीनं भुवया वर केल्या. इथे त्याचा अर्थ 'बरं, हो' असा. मग ती बाकावर बसून विमानाची वाट बघू लागली.

पाऊणला मीना आली. मीना लीटियाची मुलगी, तेवीस वर्षांची, आईकडेच राहते. तिचा पुटुलिक सात महिन्यांचा. नवरा खाणीवर, महिना-महिना घरी नसतो. ती सकाळीच तळ्यावरून आली होती आणि घरी पुन्हा पुन्हा दूध पाजून बघत होती.

"हा दूध घेत नाही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहाटेपासून. तोंडात घेतो आणि सोडून देतो."

मी तिच्या मागे जाऊन कप्प्यातल्या पुटुलिकच्या कानात तापमापक घातला. सदतीस पूर्णांक नऊ. पडद्यावर पाहिलं. पुटुलिक, हिरवा. दवाखान्यात हजर, ठोके ठीक, श्वास स्वच्छ.

"दात येत असतील."

"दात येताना हा रडतो. आज रडत नाहीये."

विमान चाळीस मिनिटांवर होतं, वारा तीन वाजता वाढणार होता, सायराचे कागद व्हायचे होते. मी पडदा मीनाकडे वळवला. "हे बघ. हिरवा आहे. तापाचे थेंब देते, उद्या सकाळी परत आण."

मीना बराच वेळ त्या हिरव्या नावाकडे बघत राहिली. मग तिनं भुवया वर केल्या, थेंबांची बाटली घेतली आणि बाकावर अलाशीशेजारी जाऊन बसली. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मीनाच्या अंगात निळा अमाउटी होता, अलाशीच्या अंगात पांढरा. मी दोघींकडे बघून हसलेसुद्धा.

दोन वाजून दहा मिनिटांनी विमान अलाशीला आणि सायराला घेऊन उडालं. मी चहा केला, कप घेऊन पडद्यासमोर बसले आणि नोंदी भरायला घेतल्या.

पडद्यावर दोन ओळी बदलल्या होत्या. पुटुलिक करडा झाला होता आणि नावापुढे लिहिलं होतं, 'क्षेत्राबाहेर'. आणि सायरा लाल होती, मघापेक्षा गडद. ठिकाण, घर नंबर चौदा.

चौदा नंबर लीटियाचं घर. सायरा तेव्हा आकाशात होती.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. यंत्र बिघडलं, आता दक्षिणेला फोन करून चार शब्द सुनवायला मिळतील, असं वाटलं. मग मला बाकावरच्या त्या दोघी आठवल्या. निळा अमाउटी अलाशीचा. लीटियानं तो माझ्यासमोर बसून शिवला होता, काठाला लाल पट्टी लावून. पांढरा मीनाचा.

नंतर कळलं ते एवढंच. शुक्रवारी मीना तळ्यावर निघाली. तिचा पांढरा अमाउटी पातळ. अलाशी म्हणाली, माझा जाड आहे, तो घाल, तुझा मला दे. दोघींनी दारातच अदलाबदल केली. कुणी त्याला काही देणं-घेणं समजलं नाही, कारण इथे ज्या बाईला बाहेर जायचं असेल तिचा अमाउटी. नावं माझ्या पडद्यावर होती, त्यांच्या कोटांवर नव्हती.

मी विमानाला फोन लावला. वैमानिक म्हणाला, आता मागे फिरलो तर उतरता येणार नाही, वारा लवकर चढलाय. दक्षिणेच्या केंद्राला सांगितलं, दुसरं विमान पाठवा. तिथल्या मुलीनं कळा दाबल्या आणि म्हणाली, "लाल नाव सायराचं आहे. तिला नेलेलं आहे. त्याच नावावर दुसरं विमान सुटत नाही."

"ती सायरा नाहीये. टिकली सायराची आहे, मूल पुटुलिक आहे."

"पुटुलिक हिरवा होता आणि आता क्षेत्राबाहेर आहे."

"तो इथं आहे."

"मॅडम, मला तसं दिसत नाही."

तिच्या वरच्याला, मग त्याच्या वरच्याला पटवण्यात पंचवीस मिनिटं गेली. शेवटी कुणीतरी हातानं नाव बदललं आणि विमानाला परवानगी मिळाली. तोवर खिडकीतून मला समोरचं चर्च दिसेनासं झालं होतं. धावपट्टी बंद झाली. वैमानिकांचा अंदाज होता दोन दिवसांचा.

मी पिशवी उचलली आणि वादळात वाट चुकू नये म्हणून घराघरांना बांधलेली दोरी धरून चौदा नंबरकडे गेले.

लीटिया जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुटुलिक तिच्या मांडीवर. तिची दोन बोटं त्याच्या टाळूवर होती. मला बघून ती म्हणाली, "हे वर आलंय, एस्तेर."

मी हात ठेवला. टाळू फुगून घट्ट झाली होती. आमच्या मिरजेला लहान मूल कुणी हातात दिलं की आधी हात टाळूवर जातो. तेल घालणारी बाई असो की पाहुणी. मी मुलांच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली, तिथे तर हे श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. दुपारी पाऊण वाजता पुटुलिकची टाळू कशी होती, हे मला माहीत नाही. मी त्याला कप्प्यातून बाहेरच काढलं नव्हतं.

जुनं इंजेक्शन दिलं. चालणार नाही हे माहीत असूनही दिलं. डॉक्टर फोनवरून सांगत होते ते सगळं केलं. काय झालंय ते मला मीनाला सांगावं लागलं. तिला नीट कळावं म्हणून मी दोन्ही अमाउटींची गोष्ट क्रमानं सांगितली. तिनं अंगातला निळा अमाउटी काढला, कप्पा उलटा केला आणि आतल्या टिकलीकडे बघितलं. ती अजून चालू होती, तिचा बारीक दिवा लुकलुकत होता.

"म्हणजे हिला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"सकाळपासून?"

"हो."

लीटिया म्हणाली, "टाके माझे आहेत."

"मी हो म्हटलं होतं," मी म्हणाले.

आणि मला तर कळायलाच हवं होतं. आमच्याकडे बाळाला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत. दुसऱ्या धडधाकट मुलाचं जुनं मागून आणतात. माझ्या भावाचं अंगडं आमच्या गल्लीत सात घरं फिरलं होतं. लहान मुलांचे कपडे एका अंगावर राहत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी कपड्याला नाव दिलं आणि त्या नावाला मूल समजले.

पुटुलिक सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास गेला. वादळ चालूच होतं. लीटियानं त्याला पांघरूण घातलं आणि मला म्हणाली, तू खाल्लं नाहीस, काहीतरी खा. मी खाऊ शकले नाही आणि तिच्याकडे बघूही शकले नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. पडद्यावर तीन माणसं, तिघंही सभ्य. संसर्ग ताप दिसायच्या आधी ओळखला, विमान वेळेत पोचलं, म्हणून यंत्रणेच्या वार्षिक अहवालात ही घटना यश म्हणून धरली गेली. सायराचं रक्त हॉस्पिटलात स्वच्छ निघालं, ते 'उपचारांनंतर बरी' असं लिहिलं गेलं. पुटुलिकच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या नावाची टिकली हजारभर किलोमीटर दूर होती, त्यामुळे तो 'टिकली न लावलेलं मूल' या रकान्यात गेला. मी म्हटलं, तसं नाही. त्यातल्या एकानं समजुतीनं सांगितलं, की फॉर्ममध्ये दुसरा रकाना नाही.

मी म्हटलं, चूक माझी, मला काढून टाका. ते म्हणाले, तुमच्या जागी यायला कुणी नाही.

पुटुलिकला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी वस्तीची बैठक झाली होती. बायकांनी एकीनं ठरवलं, की टिकल्या नकोत. लीटियानं स्वतः बसून बावीसच्या बावीस उसवल्या आणि बिस्किटांच्या डब्यात घालून मला आणून दिल्या. मी तसं दक्षिणेला कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. टिकली नसेल तर विमान आपोआप सुटणार नाही. नर्सच्या सांगण्यावरून पाठवायचं तर दोन डॉक्टरांची मंजुरी लागेल. म्हणजे चार-पाच तास.

हे उत्तर मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. एकेक करून बायकांनी भुवया वर केल्या.

महिन्याभरात नव्या टिकल्या आल्या. कानामागे चिकटवायच्या, सहा महिने निघत नाहीत अशा. दवाखान्याबाहेर बायका बाळांना घेऊन बसल्या. चिकटवताना बाळ हलून चालत नाही, डोकं घट्ट धरावं लागतं. मला एकटीला ते जमेना. पहिल्याच बाळापाशी मी अडले होते तेवढ्यात लीटिया आत आली, कोट काढून ठेवला आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. एकवीस बाळांची डोकी तिनं धरली, सायराचंही. काम संपल्यावर हात धुतले आणि गेली. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं आता होत नाही. मी तिच्याकडे गेले तर ती चहा देते, आणि मी तो पिऊन येते.

मीना आली जूनमध्ये, बर्फ फुटायला लागल्यावर. अंगात नवऱ्याचं जॅकेट होतं. तिला पाठदुखीची गोळी हवी होती. मी दिली. तरी ती बसून राहिली.

"एस्तेर, त्या दिवशी हा पडदा नसता, तर तू काय केलं असतंस?"

"त्याला कप्प्यातून काढून टेबलावर घेतलं असतं."

"आणि तुला कळलं असतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिलाही बरं वाटलं असतं आणि मलाही. इतक्या लवकर कुणालाच कळत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. पण ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक कळलं असतं."

मीनानं मान हलवली. रडली नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "पहाटे तळ्यावरच कळलं होतं. तो माझ्या पाठीला नेहमीसारखा लागत नव्हता. मी बर्फावरची गाडी इतकी जोरात हाणली की मासे तिथेच राहिले. तुझ्याकडे आले तेव्हा मी ठरवून आले होते, की विमानात बसल्याशिवाय हलायचं नाही. मग तू ते हिरवं नाव दाखवलंस. आणि मला वाटलं, मला काय कळतंय."

तिनं गोळ्यांचं पाकीट खिशात टाकलं, जॅकेटची चेन वर ओढली आणि दार उघडलं. बाहेर बाकावर तीन बायका बाळांना घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाय आत घेऊन तिला जायला वाट दिली.